सोयाबीन 'पिवळे' की 'लोकल'? ऑनलाइन लिलावातल्या वर्गवारीचा आढावा

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकात 'जात/प्रत' असा एक रकाना असतो. मोबाइलवर भाव पाहणाऱ्याची नजर सहसा तो ओलांडून थेट सर्वसाधारण दरावर जाते. हिवरा आश्रमच्या शेतकऱ्याने मात्र तो रकाना एकदा निवांत वाचण्यासारखा आहे. सोयाबीनच्या तक्त्यात मेहकरपुढे बहुधा 'लोकल' लिहिलेले असते, चिखलीपुढे 'पिवळा' आणि काही बाजार समित्यांपुढे नुसत्या तीन आडव्या रेघा. हिवरा आश्रम मेहकर तालुक्यात आहे आणि चिखलीची बाजारपेठही आवाक्यातली. म्हणजे एकाच वावरातले, एकाच मळणीयंत्रातून निघालेले सोयाबीन मेहकरला नेले की लोकल आणि चिखलीला नेले की पिवळे.

वाशीमला तिसरीच तऱ्हा. तिथे पेरणीच्या दृष्टीने निवडलेल्या, टपोऱ्या आणि न फुटलेल्या दाण्याला 'बिजवाई' म्हणतात. त्याची बोली गाळपाच्या मालापेक्षा वरच्या भावाने लागते. दाणा तोच, पण कोणत्या नावाच्या ढिगात पडला त्यावर त्याचे गिऱ्हाईक बदलते.

बाजाराच्या ओट्यावर हा गोंधळ फारसा नडत नाही, कारण खरीददार मूठभर दाणे तळहातावर घेऊन स्वतःची खात्री करतो. लिलाव पडद्यावर गेला की हात लावायची सोय जाते आणि नावच बोलू लागते. ते नाव कोणी द्यायचे, किती बारकाईने द्यायचे आणि चुकले तर भुर्दंड कोणाला, याविषयी गेली काही वर्षे शेतमाल पणनाच्या क्षेत्रात मतमतांतरे आहेत. त्यांचा हा आढावा.

वऱ्हाडातली जुनी गोष्ट

वर्गवारीचा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडचा कापूस 'ऊमरा' या नावाने विकला जाई. अमरावतीच्या नावाचा तो व्यापारी अपभ्रंश. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि खामगावच्या गाठी थेट मुंबईकडे निघाल्या. विकत घेणारा हजारो मैलांवर बसलेला होता आणि गाठीवरच्या नावावरच त्याचा सौदा ठरत होता. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला वेगळा मान आणि वेगळा भाव होता. त्यामुळे हलका माल भारी नावाखाली खपवण्याचा मोहही होता. भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

पुढचे पाऊलही याच भागात पडले. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून ज्याची नोंद होते तो कारंजा येथील कापूस बाजार, १८८६ चा. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. तोवर अनेक ठिकाणी सौदे 'हत्ता' पद्धतीने होत. उपरण्याखाली बोटांची खूण करायची, भाव दोघांनाच कळायचा. नियंत्रित बाजारांनी त्याऐवजी उघडा लिलाव आणला, वऱ्हाडी भाषेत हर्रास. भाव उघड झाला, पण प्रत डोळ्यांनीच ठरत राहिली.

प्रतीचे नियम कागदावर आले ते १९३७ च्या प्रतवारी आणि चिन्हांकन कायद्याने. त्यातूनच 'अॅगमार्क' हे चिन्ह घरोघरी पोहोचले. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा केला आणि १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. त्या योजनेच्या केंद्रावर ग्रेडरचा शब्द अखेरचा असे. चांगल्या बोंडाची गाडी 'कवडी'त, म्हणजे हलक्या प्रतीत, बसवली म्हणून झालेल्या वादावादीच्या आठवणी जुन्या कापूस उत्पादकांकडे आजही निघतात. प्रत ठरवणारा माणूस आणि त्या प्रतीचा भाव सोसणारा माणूस वेगळे असले की काय होते, याचा तो पहिला मोठा अनुभव होता.

पडद्यावरचा लिलाव

ऑनलाइन लिलावाची जगाला सवय लावली ती १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेने. भारतात बाझी डॉट कॉमने तोच धंदा आणला आणि २००४ मध्ये ईबेने ती कंपनी विकत घेतली. अशा लिलावात विक्रेत्याला पहिल्याच पायरीवर विभाग निवडावा लागतो. घरातला जुना पितळी अडकित्ता विकायचा आहे, तर तो स्वयंपाकघराच्या वस्तूंत टाकायचा, पुराणवस्तूंत की संग्राहकांच्या विभागात? पहिल्या विभागात तो पानसुपारीचे हत्यार म्हणून जाईल, तिसऱ्यात अडकित्ते जमवणाऱ्याच्या नजरेस पडेल. ईबेने जादा शुल्क घेऊन एकच वस्तू दोन विभागांत मांडायची सोय दिली, यावरूनच ही निवड किती मोलाची असते ते कळते.

यामागचे अर्थशास्त्र जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर घेणारा सरासरी भावच देतो. मग चांगला माल बाजारातून मागे सरतो आणि हलका माल उरतो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. त्यांचा सिद्धांत सोयाबीनला जसाच्या तसा लागू पडतो: 'लोकल' या एकाच नावाखाली सगळा माल आला तर वाळवून, चाळून आणणाऱ्यालाही सरासरीचाच भाव मिळतो.

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, ८ राज्यांतल्या २१ बाजारांत सुरू केला. मे २०२० पर्यंत त्यात १,००० बाजार जोडले गेले आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ही संख्या १,५२२ वर पोहोचली. महाराष्ट्रातल्या सव्वाशेहून अधिक बाजार समित्या त्यात आहेत. कामाची पद्धत ठरलेली आहे. प्रवेशद्वारावर शेतकऱ्याचे नाव, शेतमाल आणि पोती यांची नोंद होऊन लॉट क्रमांक मिळतो. मग नमुना काढून तपासणी होते, निकाल लॉटशी जोडला जातो आणि व्यापारी संगणकावर किंवा मोबाइलवर बोली लावतात. शेतकऱ्याला बोली मान्य नसेल तर नाकारता येते. त्यानंतर वजन, करारपत्र आणि बँकेत पैसे.

तपासणीत काय मोजायचे हे केंद्राचे पणन व निरीक्षण संचालनालय ठरवते. प्रत्येक शेतमालासाठी ओलावा, काडीकचरा, फुटका दाणा, डागी दाणा यांच्या मर्यादा आणि त्यांनुसार श्रेणी आखून दिल्या आहेत. ही यादी वाढत चालली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये १० नव्या वस्तू घालून ती २३१ झाली. त्यांत ड्रॅगन फ्रूट आणि बेबी कॉर्न होते, तसेच बेसन, गव्हाचे पीठ आणि हरभऱ्याचा सत्तूही होता. प्रक्रिया केलेला असा माल दुय्यम व्यापार या गटात घातला गेला; बेसन धड कडधान्यात बसत नाही आणि किराण्यातही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी ७ वस्तू आल्या. त्यांत बिहारचा कतरनी आणि मर्चा हे सुवासिक तांदूळ स्वतंत्र नावाने नोंदले गेले.

पहिले मत: वर्गवारी जितकी बारीक तितकी बरी

बारीक वर्गवारीच्या पाठीराख्यांचा मुद्दा दूरच्या खरीददाराचा आहे. मेहकरच्या ओट्यावर दहा-वीस व्यापारी उभे असतील, तर स्पर्धा तेवढीच. इंदूरचा किंवा लातूरचा तेल कारखानदार बोलीत उतरवायचा असेल, तर त्याला बसल्या जागी आकडा दिसला पाहिजे. सोयाबीनच्या प्लँटवाल्यांची भाषा आधीपासूनच आकड्यांची आहे. '१०-२-२' म्हणजे १० टक्के ओलावा, २ टक्के काडीकचरा आणि २ टक्के डॅमेज, हे सूत्र त्यांच्या खरेदीत रुळलेले आहे. मग शेतकऱ्याचा लॉटही त्याच भाषेत का मांडू नये, असा या मंडळींचा सवाल.

हळदीचे उदाहरण त्यांच्या बाजूने आहे. वाशीम, रिसोड आणि हिंगोलीच्या बाजारांत कांडी आणि गट्टू वेगवेगळे विकले जातात, कारण दोहोंचा भाव सारखा नसतो. कांद्याची गोल्टी मोठ्या कांद्यात मिसळून कोणी आणत नाही. हरभऱ्यात काबुली आणि चाफा यांची गल्लत होत नाही. ज्या पिकात वेगळ्या नावाचे वेगळे गिऱ्हाईक तयार झाले, तिथे शेतकरी घरीच वर्गवारी करू लागला, असे ते दाखवून देतात. नुसते 'लोकल' किंवा तीन रेघा लिहिणे म्हणजे ही संधी वाया घालवणे, असे त्यांचे मत.

दुसरे मत: ढीग पाहिल्याशिवाय भाव नाही

दुसरी बाजू ओट्यावरच्या माणसांची आहे: अडते, खरीददार, मापारी आणि पुष्कळसे शेतकरीही. त्यांचा आक्षेप वर्गवारीच्या हेतूला नाही, तिच्या वेळेला आणि भरवशाला आहे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आवक दाटते तेव्हा ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते. प्रत्येक लॉटचा नमुना काढून, मोजून, नोंदून मग बोली म्हटले तर माल उघड्यावर मुक्कामाला राहतो. वरून पावसाचा शिंतोडा पडला तर तपासणीचा निकालच खोटा ठरतो. ज्याच्या ट्रॅक्टरचे भाडे चढत असते, त्याला अचूक श्रेणीपेक्षा सायंकाळपर्यंतची हिशोबपट्टी मोलाची वाटते.

नमुन्याविषयीही शंका आहेत. पाच-सहा कट्ट्यांचा लॉट, त्यात दोन कट्टे वरच्या रानातले आणि चार पाणथळ जागेतले. मूठभर नमुना त्या सगळ्यांचा प्रतिनिधी कसा? जाणता खरीददार पोत्यात तळापर्यंत हात घालतो, दाणा दाताखाली फोडून 'हवा', म्हणजे ओलावा, किती आहे ते सांगतो आणि वासावरून मळणीनंतर माल कोंदला होता का तेही ओळखतो. यातले बरेच कोणत्याही रकान्यात बसत नाही. शिवाय तपासणीत माल वरच्या श्रेणीत आला आणि वजनाच्या वेळी व्यापाऱ्याने त्याला नाके मुरडली, तर कडता, म्हणजे वजनातली कपात, शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीत लागतो. मग आधीच्या श्रेणीचा उपयोग काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न.

तिसरे मत: नाव सोडा, गुण सांगा

या दोघांच्या मधला एक विचार अलीकडे जोर धरतो आहे. त्याच्या मते विभागाचे नाव ही कपाटाच्या खणांची पद्धत झाली, वस्तू एकाच खणात ठेवता येते. संगणकाला खणांची गरज नाही. लॉटचे गुण जोडून द्यावेत: ओलावा, दाण्याचा आकार, वाण, मळणीची तारीख, छायाचित्र. मग तेलवाला, बियाणेवाला आणि खाद्यपदार्थ करणारा आपापल्या चाळणीने तोच लॉट शोधतील. मोठ्या ऑनलाइन लिलावांचा प्रवासही याच दिशेने झालेला आहे. विभाग राहिले, पण वस्तूच्या गुणांची यादी भरणे त्यांच्याइतकेच महत्त्वाचे झाले.

कापसाच्या गाठींत हे बऱ्यापैकी साधले आहे. भारतीय कापूस महामंडळ आपल्या गाठी ऑनलाइन लिलावाने विकते तेव्हा धाग्याची लांबी, जाडीचा आकडा आणि केंद्र यांवर बोली ठरते. पण गाठ ही यंत्रातून निघालेली, एकसारखी, मोजता येणारी वस्तू. शेतकऱ्याचा कापूस पहिल्या वेचणीचा, पावसात भिजलेला किंवा फरदडीचा, असा तऱ्हेतऱ्हेचा असतो. त्याचे गुण मोजायचे तर यंत्र आणि माणूस दोन्ही हवेत, आणि छोट्या लॉटला तो खर्च जड जातो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गावातच माल एकत्र करून, तपासून, मोठा लॉट करावा, हे त्यावरचे उत्तर म्हणून सुचवले जाते. एप्रिल २०२० मध्ये ई-नामवर अशा कंपन्यांसाठी आणि गोदामातून विक्रीसाठी स्वतंत्र सोयही झाली.

पुरावा काय सांगतो

या वादात नेमका पुरावा थोडा आहे, पण जो आहे तो विचार करायला लावणारा आहे. ई-नामच्या आधी, २०१४ पासून, कर्नाटकाने आपले बाजार एका ऑनलाइन मंचावर जोडायला सुरुवात केली होती. त्या प्रयोगाचा रेत्सेफ लेवी, मनोज राजन, सोम्या सिंघवी आणि यानचोंग झेंग यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भाताचा भाव ५.१ टक्के, भुईमुगाचा ३.६ टक्के आणि मक्याचा ३.५ टक्के वाढल्याचे त्यांना आढळले. कापूस, मूग आणि तुरीच्या भावात मात्र ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे एकच मंच, एकच पद्धत, पण पीक बदलले की फळ बदलले. दोन्ही पक्ष या आकड्यांत आपापले समर्थन शोधतात. एक म्हणतो, स्पर्धा वाढली की भाव वाढतो हे सिद्ध झाले. दुसरा कापसाकडे आणि तुरीकडे बोट दाखवतो. वऱ्हाडासाठी ती बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही, कारण सोयाबीनखेरीज इथली मुख्य पिके नेमकी तीच.

सीमारेषा सरकते तेव्हा

श्रेणीची रेघ निसर्गाने आखलेली नसते, हे २०२४ च्या हंगामात दिसले. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. त्या वर्षी हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि केंद्रांवरून ओलाव्यापायी माल परत जात असल्याची ओरड होती. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. आदल्या दिवशी अपात्र असलेला ढीग दुसऱ्या दिवशी पात्र झाला, दाण्यात काही बदल न होता.

शेतकऱ्याच्या बाजूचा हिशोबही सरळ आहे. १५ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणले की सुमारे ९ क्विंटल ६६ किलो उरते, म्हणजे ३४ किलोची घट. ही घट भरून निघायला वाळलेल्या मालाला क्विंटलमागे साधारण साडेतीन टक्के जादा भाव मिळावा लागतो. ओल्या मालाला ४,३०० मिळत असेल, तर वाळलेल्याला निदान ४,४५२ हवेत. शिवाय वाळवायची मजुरी आणि जागा वेगळीच. वरच्या श्रेणीला एवढा फरक मिळत नसेल, तर ओला माल लोकलमध्ये घालणारा शेतकरी अडाणी ठरत नाही, तो हिशोबीच असतो. वर्गवारी सक्तीची करावी की तिचा मोबदला वाढवावा, हा प्रश्न इथूनच निघतो.

काय अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न जबाबदारीचा. प्रवेशद्वारावर नाव लिहून घेतले जाते ते घाईत, अनेकदा शेतकरी तोंडी सांगेल ते. तपासणीने त्यात बदल केला आणि खरीददाराने पुन्हा शंका घेतली, तर अखेरचा शब्द कोणाचा असावा यावर एकमत नाही. एक मत तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडे झुकते, दुसरे बाजार समितीच्या तंटा समितीकडे. दोन्हींत वेळ जातो आणि माल तोवर पोत्यातच असतो.

दुसरा प्रश्न शिळ्या नावांचा. पणन मंडळाच्या कापूस तक्त्यात 'एच-४' आणि 'एलआरए' ही नावे आजही भेटतात. एच-४ हा १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून आलेला जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शिवाराचे चित्र पालटले, पण रकान्यातले नाव हटले नाही. आता ते वाणाचे नाव उरले नसून धाग्याच्या लांबीची खूण झाले आहे. जुन्या व्यापाऱ्याला ते कळते. दूरच्या नव्या खरीददाराला आणि आकडे तपासणाऱ्या अभ्यासकाला ते चकवते.

तिसरा प्रश्न भावपत्रकाचा. एका गावी 'पिवळा' आणि शेजारी 'लोकल' लिहिले गेले, तर दोन बाजारांच्या भावातला फरक मालाचा की नावाचा, हे ठरवता येत नाही. कोणत्या बाजारात माल न्यावा हा निर्णय हिवरा आश्रमचा शेतकरी याच आकड्यांवरून घेतो. सगळ्या समित्यांनी एकच नावांची यादी वापरावी, ही सूचना वरकरणी साधी आहे. पण वाशीमची 'बिजवाई' त्या यादीत बसवायची कशी? तिच्यात उगवणशक्तीचा भरवसा गृहीत धरलेला असतो आणि ओट्यावरच्या तपासणीत उगवण मोजली जात नाही. प्रमाणित बियाणे ही वेगळी, कायद्याने बांधलेली बाब आहे.

चौथा प्रश्न छोट्या लॉटचा. पाच पोत्यांच्या धन्याला तीन श्रेण्या करून तीन लॉट मांडणे परवडत नाही. एकत्रित लॉट करायचा, तर आपला चांगला माल शेजाऱ्याच्या डागी मालात जाण्याची धास्ती असते.

सध्याच्या स्थितीत इतके म्हणता येते की ज्या मालाच्या वेगळ्या नावाला वेगळे गिऱ्हाईक आधीच आहे, तिथे बारीक वर्गवारी पटकन रुजली आहे. हळदीची कांडी, काबुली हरभरा, बिजवाई सोयाबीन ही त्याची उदाहरणे. जिथे ते गिऱ्हाईक अजून पडद्यावर आलेले नाही, तिथे श्रेणीचा आकडा लॉटला चिकटतो, पण भावाला लागत नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. जाहीर यादीत तो पिवळ्या सोयाबीनचा म्हणून असला, तरी भावपत्रकातला 'पिवळा' आणि 'लोकल' असा भेद करत नाही. त्याची अट रकान्यातल्या नावाला नाही, ओलाव्याच्या आणि काडीकचऱ्याच्या आकड्याला आहे.